वाळूवरच्या चाकांचा पंचनामा

अबूधाबीजवळच्या मोहम्मद बिन झायद सिटीत केलेला तो तपास अजून माझ्या मनातून जात नाही. तेव्हा मी पोलीस सेवेत नव्हतो आणि ती हद्दही माझी नव्हती. निवृत्तीनंतर मुलीकडे राहायला गेलो होतो, इतकंच.

तिकडचा हिवाळा म्हणजे वाळवंटात जायचे दिवस. हौशी लोक पिकअपची नेहमीची चाकं काढून बाहेरून घेतलेली रुंद चाकं बसवतात. मुलीच्या शेजाऱ्यानेही बसवली. हा रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा, वडिलांच्या होडीवर वाढलेला. मदतीला बायकोचा धाकटा भाऊ, शेजाऱ्याच्याच एसी दुरुस्तीच्या धंद्यात नोकरीला असलेला. दुसऱ्या दिवशी नवराबायको निघाले आणि हायवेवर पुढचं चाक थरथरू लागलं. थांबून पाहतात तर नट बोटांनी फिरत होते.

खबर मुलीने दिली. मी गेलो तेव्हा शेजारी फिर्याद द्यायला निघालाच होता.

"काका, मी पोलीस कंप्लेंट करतोय. मेहुण्याचंच काम हे. त्याला पार्टनरशिप नाही म्हटलं, त्याचा राग काढला. खलास! व्हिसाही कॅन्सल करतो त्याचा."

आत त्याची बायको रडत होती. एकीकडे नवरा, दुसरीकडे भाऊ. तिच्याकडे बघवेना.

"फिर्याद नंतर. आधी पंचनामा," मी म्हणालो.

हेतू होता, संधीही होती. एवढ्यावर फाइल बंद करून चहा मागवणारे अधिकारी मी पाहिले आहेत. मी मेहुण्याला बोलावून जबाब घेतला.

"पुढची दोन मी लावली, काका. मागची भावोजींनी. मी पान्याने पूर्ण टाइट केली होती, देवाशपथ."

खोटं बोलणारा सहसा पाल्हाळ लावतो. याने तीन-चार वाक्यांत आटोपलं. मी मागच्या चाकांना हात घातला, तर तिथलेही नट सैल! म्हणजे फिर्यादीने स्वतः आवळलेलेसुद्धा. आता माझं कुतूहल जागं झालं. स्वतःच्या गाडीचे नट कोण ढिले ठेवील?

जॅक लावून एक चाक उतरवलं. चाक ज्या तबकडीला टेकतं, तिथे ग्रीसचा जाड थर होता.

"हे कोणी लावलं?"

"मी! चारही चाकांना," शेजारी ऐटीत म्हणाला. "आमच्याकडे खाऱ्या हवेत लोखंड ग्रीसशिवाय कोणी ठेवत नाही. गंज चढतो ना."

टायरवाल्याला फोन लावला. तो हसलाच. "अरे साब, वहाँ ग्रीस कौन लगाता है?" तिथे धातूला कोरडा, स्वच्छ धातू भिडायला हवा. मध्ये ग्रीस असलं की नट घट्ट बसल्यासारखे वाटतात. गाडी धावली, तापली की ग्रीस पिळून निघतं आणि नट सैल पडतात. शिवाय नवी चाकं थोडं अंतर चालवून नट पुन्हा आवळायचे असतात. तेही राहिलं होतं.

शेजाऱ्याचा चेहरा उतरला. "सॉरी रे. यल्ला, चल, पुसून परत लावू," तो मेहुण्याला म्हणाला.

मेहुणा जागचा हलला नाही. "भावोजी, गाडीत ताई बसणार होती. तरी तुम्हाला वाटलं, मी असं करीन?"

शेजारी फडकं घेऊन चाकाशी बसला.

हेतू हाती लागला की माणूस पुरावा बघायचं सोडून देतो, हे या प्रकरणाने मला पक्कं शिकवलं. चाकं त्याच दिवशी नीट बसली. मेहुण्याने मात्र दुबईत अल बर्शाला दुसरी नोकरी धरली. फिर्याद नोंदलीच गेली नाही, पण शिक्षा त्या बहिणीला झाली. भाऊ अजूनही तिला भेटायला येतो, नवरा घरी नसेल तेव्हाच.