पांढऱ्या गाईवरची सावली

शांतवन गेल्याची बातमी मला घोडेगावच्या थांब्यावर एसटीच्या कंडक्टरकडून कळली. मी नगरला त्याच्याकडेच निघाले होते. पिशवीत त्याच्यासाठी शेंगदाण्याची चटणी होती. "अक्का, बसा. तुमच्या भावाला लई जास्त झालंय म्हनं," एवढंच कंडक्टर म्हणाला, पण तिकिटाचे पैसे काही घेईना. तेव्हाच काय ते समजले.

त्याला महिना उलटला. दफनाच्या वेळी पाळक म्हणाले, आता आपल्या भावाला सगळं स्वच्छ दिसत असेल. मला रागच आला. शांतवनला दिसण्याची अडचण कधीच नव्हती, माणसाला दिसतं कसं, तिथे तो अडला होता. पुढे कॉलेजात शोकसभा झाली, तिथे एका मोठ्या माणसाने सांगितलं की मास्तरांनी नेत्रविकारांवर संशोधन केलं, अंधांसाठी देह झिजवला. मी खालूनच म्हणाले, "नाही हो, तसं काही नव्हतं." शेजारच्या बाईने माझा हात दाबला. मी दुःखाने बडबडतेय असं तिला वाटलं. म्हणून हे लिहायला बसले. माझं शिक्षण मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत. तरी माझ्या धाकट्या भावाने काय केलं ते मला ठाऊक आहे, कारण त्याची सुरुवात माझ्याच गोधडीवर झाली.

तो कॉलेजात गणित शिकवायचा. बायको लवकर गेली, मूल नाही, म्हणून सुट्टी लागली की माझ्याकडे. अशाच एका उन्हाळ्यात मी ओट्यावर गोधडी शिवत होते. त्याच्याच जुन्या राखाडी विजारीचे दोन चौकोन कापले, एक छत्रीच्या काळ्या कापडावर लावला, एक पांढऱ्या धोतरावर. हा बघतच राहिला. "अक्का, हा दुसरा तुकडा कशाचा?" म्हटलं, "तुझ्याच विजारीचा." "शक्य नाही. काळ्यावरचा उजळ आहे, हा काळपट." "मग उसवून बघ." आणि या माणसाने खरंच उसवला! शेजारी शेजारी ठेवले तर दोन्ही एकच. परत जागेवर ठेवला की परत वेगळे... मग तो तुकडा आपणच शिवणार म्हणून हटून बसला आणि असे वेडेवाकडे धावदोरे घातले की बघवत नाही.

डोळा उजेड मोजत नाही, शेजारच्याशी तुलना करतो, असं तो म्हणाला. त्यात काय नवीन, माणसं दुसरं काय करतात? पण त्याला त्याचं गणित मांडायचं होतं. चौकटीच्या कागदावर प्रत्येक घरात उजेडाचा आकडा लिहायचा आणि आजूबाजूच्या घरांची सरासरी त्यातून वजा करायची. "जिथे माणूस फसतो तिथे माझं गणितही फसलं पाहिजे," म्हणायचा. गोधडीवर ते बरोबर फसलं, राखाडी तुकड्यांची उत्तरं दोन आली. त्या दिवशी त्याने जिलेबी आणली. गावात मात्र भलतंच पसरलं. मास्तर डोळ्यांचं काही करतात म्हणून लोक ओट्यावर येऊन बसायचे. "मास्तर, म्हातारीचा मोतीबिंदू जरा बघता का?" तो चिडून आत निघून जायचा आणि चहा मी करायची.

मग मला गाय घ्यायची होती म्हणून आम्ही घोडेगावच्या बाजारात गेलो. लिंबाखाली एक पांढरी गाय उभी होती, पुढचं अंग उन्हात, मागचं सावलीत. मी दात बघतेय, कास बघतेय, आणि हा फोटोग्राफरकडून आणलेलं उजेड मोजायचं यंत्र गाईच्या पाठीवर धरून उभा. व्यापारी म्हणाला, "वो मास्तर, ताप मोजता का काय गाईचा?" माणसं जमली. शांतवनने विचारलं, "हिचं मागचं अंग काळं का नाही?" "काळं कशानं आसंल? समदी पांढरी हाय. सावली हाय ती!" "सावली आहे हे कशावरून कळलं?" "आता काय सांगावं... डोळं हायेत की!" सगळा बाजार हसला. हा हसला नाही. त्याच्या वजाबाकीत सावलीची कड आणि रंगाची कड सारखीच येत होती, म्हणजे गणिताच्या हिशेबाने गाय अर्धी काळी. जे गणित गोधडीवर खरं ठरलं, ते गाईवर खोटं ठरलं.

तिथून पुढे त्याचं डोकं तिथेच अडकलं. मी म्हटलं, सावलीची कड मऊ असते, त्यावरून ओळखत असू. "दुपारी भिंतीची सावली बघ, सुरीसारखी असते," म्हणाला. "मग तूच सांग!" "सांगता आलं असतं तर तुझ्या ओट्यावर बसलो असतो का?" मुंबईच्या एका संस्थेतल्या गणकयंत्रावर त्याने गाईच्या फोटोचे आकडे घालून पाहिले. परत आला तो तोंड पाडून. "अक्का, यंत्र माझ्याइतकंच आंधळं आहे, फक्त घाई जास्त." सगळे सांगतात तसा तो शांत, साधा वगैरे मुळीच नव्हता. जेवताना ताटातल्या वाटीची सावली बघत बसायचा, भाकरी गार व्हायची. मी ओरडायची, तो उलट ओरडायचा.

नाताळात आला तो शेवटचा. गोधडी पांघरून बसला होता. म्हणाला, "सावली आधी वजा करायला पाहिजे. पण वजा करायची तर ती कुठे आहे ते आधी दिसलं पाहिजे. आणि दिसतं कसं, तेच तर शोधतोय..." मी म्हटलं, जेव आधी. उत्तर त्याला मिळालं नाही. कागद कॉलेजच्या कपाटात पडलेत. नेत्रविकार शोधणाऱ्यांना त्यात काय सापडणार?

परवा गोधडी उन्हात टाकली होती. माझी सून म्हणाली, "आत्याबाई, ह्यो तुकडा किती वाकडा शिवलाय. उसवून नीट करू का?" आणि सुई-दोरा घेऊन बसलीसुद्धा. मी म्हटलं, हात लावू नकोस. मग तिला विचारलं, या दोन राखाडी तुकड्यांत उजळ कुठला? तिने काळ्यावरच्या तुकड्यावर बोट ठेवलं. "कशावरून?" "म्हंजी? दिसतंय की!"

"कसं दिसतंय, तेच तर विचारतेय!" मी इतक्या जोरात म्हणाले, की ती सुई तिथेच टोचून आत निघून गेली.