डबीच्या पोटातली गोळी

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. जुन्या माऊसच्या पोटात कापूस साठायचा ना, तसे ते साठत जातात. हल्लीच्या माऊसला पोटच नसतं. आमच्या वेळी तो उलटा करून खालचं झाकण फिरवलं की रबराची एक जड गोळी हातात यायची, आणि ती जिथे फिरायची तिथे बारीक धाग्यांचे वेढे बसलेले दिसायचे. रोज काम करताना काही कळायचं नाही, आणि एक दिवस उघडून बघावं तर हा एवढा कापूस! परवा बसल्या बसल्या मी असंच डोकं उघडलं, आणि मोहोपाड्याची ती थंडगार खोली जशीच्या तशी बाहेर आली.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. मी आणि कुंदा तिथल्या एका केमिकल कारखान्यात कॉम्प्युटर ऑपरेटर होतो. दोघी दहिवलीच्या. सकाळी कंपनीची बस चौकमार्गे निघायची तेव्हा निम्मी बस झोपलेली असायची. आम्हीही अर्धवट झोपेतच उतरायचो, चपला बाहेर काढायचो आणि एसीच्या खोलीत शिरायचो. बाहेर मे महिना भाजत असो, आत आम्ही शाल पांघरून. मशीनची एकसुरी घरघर, काळ्या स्क्रीनवर पिवळसर अक्षरं. कित्येक दिवस मला वाटायचं की मी अजून जागीच झालेली नाही. खरं सांगते, त्यात फार सुख होतं.

आमचे नाडकर्णी साहेब. त्यांच्या मेहुण्यांनी परदेशातून एक माऊस आणला आणि त्याबरोबर एक फ्लॉपी. फ्लॉपीत पत्त्यांवरून भविष्य सांगणारा प्रोग्रॅम होता. साहेबांचा भविष्यावर काडीचा विश्वास नव्हता, पण माऊसवर हात बसेल म्हणून जेवणाच्या सुट्टीत तो लावायची त्यांनी परवानगी दिली. आणि मग काय, सगळा कारखाना हात बसवायला येऊ लागला!

पद्धत सोपी होती. मनात प्रश्न धरायचा आणि माऊसचं बटण दाबून ठेवायचं. दाबलेलं असेपर्यंत स्क्रीनवर पत्ते पिसले जायचे. बोट उचललं की पाच पत्ते पालथे पडायचे. डावीकडचा पहिला म्हणजे होऊन गेलेलं, मग एकेक पुढे सरकत उजवीकडचा पाचवा म्हणजे होणारं. बाण पत्त्यावर नेऊन टिचकी मारली की पत्ता उलटायचा, स्पेसबार दाबला की खाली इंग्रजीत अर्थ यायचा आणि एस्केप दाबलं की खेळ खलास.

पाहुण्याचं बोट चुकून कीबोर्डवर पडलं तर रेकॉर्ड पुसलं जाईल अशी साहेबांना धास्ती. म्हणून त्यांनी नियम केला की पाहुण्याने माऊसलाच हात लावायचा आणि ऑपरेटरने कीबोर्डलाच. त्यामुळे आमच्याकडे एकट्याने भविष्य बघता येत नसे. शेजारी शेजारी दोन खुर्च्या लागत, आणि पाहुण्याच्या शेजारच्या खुर्चीत बहुतेक वेळा कुंदा असे.

०००

पहिलं गिऱ्हाईक बॉयलरवरचा भोईर. दिवसभर भट्टीपाशी उभा राहणारा माणूस. त्या गारव्यात खुर्चीवर बसला आणि त्याचे डोळे लहान मुलासारखे झाले. कुंदाने सांगितलं की प्रश्न मनात धरा, बटण दाबा आणि प्रश्न पुरा झाला की सोडा.

भोईरने बटण दाबलं. पत्ते भिरभिरू लागले. बदाम, चौकट, किलवर, इस्पिक सगळं एकमेकांत मिसळून नुसती पाखरं उडत राहिली. भोईर बघतोय, आम्ही बघतोय. मागे रांग लागलेली, पण रांगेतलेही डोळे मिटायला आले. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला तरी याचं बोट दाबलेलंच.

शेवटी साहेब येऊन खाकरले. भोईरने मान न वळवता सांगितलं, "सायेब, माजा प्रश्न अजून संपला नाय."

०००

माऊस हा शब्द फक्त साहेबांचा. बाकी सगळे त्याला डबी म्हणायचे, आणि हे नाव ठेवलं आमच्या शिपाईकाकांनी, घरतकाकांनी. ते पाताळगंगेच्या पलीकडच्या गावचे. नदीवर त्या वेळी एक बुटका पूल होता. त्यावरून रोज सायकल हातात धरून यायचे, तसेच जायचे.

आषाढात एकदा त्यांना बळेच बसवलं. पाचवा पत्ता किलवरचा निघाला. कुंदाने अर्थ सांगितला, "काका, तुम्ही पाणी ओलांडाल."

काका नाराज झाले. एवढं मोठं मशीन, आणि सांगतं काय, तर जे ते रोज सकाळ-संध्याकाळ करतात! पण त्या दिवशी दुपारपासून धार लागली, नदी पुलावर चढली आणि काकांना रात्री कारखान्यातच मुक्काम पडला. दुसऱ्या दिवशी पाणी काही उतरलं नव्हतं. काका सकाळी खोलीत आले, चपला काढल्या आणि बंद स्क्रीनसमोर उभे राहून शांतपणे म्हणाले, "कधी, त्ये बी सांग ना रं."

०००

आता म्हात्रेंबद्दल सांगायला हवं. म्हात्रे लॅबमधले केमिस्ट. उंच, सावळे आणि इतके अबोल की बसमध्ये पायावर कोणाचा पाय पडला तर तेच सॉरी म्हणणार. हे म्हात्रे रोज येऊ लागले. रोज बटण दाबायचे, रोज तितकाच वेळ धरायचे, आणि एकदम पाचव्या पत्त्यावर जायचे. प्रश्न रोजचा तोच असणार हे आंधळ्यालाही दिसलं असतं. तो प्रश्न शेजारच्या खुर्चीत शाल पांघरून बसलेला होता, आणि स्पेसबार दाबत होता.

कुंदाला ठाऊक होतं. बसमध्ये खिडकीला डोकं टेकवून ती मला म्हणाली होती, "शालू, हा माणूस मशीनला विचारतो, मला विचारत नाही."

मला तिचा राग आला, की मग तूच विचार ना! पण तिचंही खरं होतं. वडील गेल्यापासून घरातलं सगळं मामांच्या हातात. तिने आपण होऊन नाव काढलं असतं तर मामांनी घर डोक्यावर घेतलं असतं. माणूस घरी येऊन मागणी घालतो तेव्हा गोष्ट वेगळी असते.

एकदा तिने युक्ती केली. पाचवा पत्ता उलटला. मी मागच्या टेबलावरून स्क्रीन स्वच्छ वाचला होता. त्यावर लिहिलं होतं की घाई करू नका, वाट पाहा. कुंदाने स्पेसबारवरचं बोट न उचलता, चेहऱ्यावरची रेष न हलवता मराठीत सांगितलं, "आता थांबू नका, असं लिहिलंय."

म्हात्रे पुढे वाकले. चष्मा नीट केला. पुन्हा वाचलं आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "मॅडम, तुमची चूक होतेय. वाट पाहा, असं आहे."

आणि आभार मानून गेले वाट पाहायला!

०००

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होते. बॉयलरला झेंडूची माळ, लॅबच्या तराजूला हळदकुंकू. घरतकाकांनी आमच्या खोलीचीही पूजा केली. स्क्रीनला फूल, कीबोर्डला फूल, आणि डबी नवी म्हणून तिच्यावर मूठभर अक्षता. नीट पूजा व्हावी म्हणून त्यांनी डबी उलटी करून तिच्या पोटालाही हळद लावली.

दसऱ्यानंतर बघतो तर बाण उजवीकडे जाईना. डावीकडे मात्र सुळकन जायचा. म्हणजे पहिलाच पत्ता उघडायचा. आठवडाभर अख्ख्या कारखान्यात कोणालाही पुढचं दिसलं नाही, सगळ्यांना आपापलं मागचंच दिसत राहिलं.

आम्हाला वाटलं, आता कोणी यायचं नाही. उलट गर्दी वाढली! भोईरच्या पहिल्या पत्त्यात आलं की लहानपणी तुमचा एक लाडका सोबती हरवला. एवढा मोठा बाप्या, खुर्चीत मागे रेलला. मग हळूच सांगू लागला की एक पाडस होतं, कोंडाण्याच्या रानात सापडलेलं, मोठं झाल्यावर आपणहून निघून गेलं. कोणी हसलं नाही. खोलीतले अर्धे दिवे मालवलेले होते, आणि जो तो आपापल्या रानात गेला होता. त्या आठवड्यासारखी सुट्टी मी नंतर कधी अनुभवली नाही.

म्हात्रे मात्र येऊन नुसते बसायचे. बटण दाबायचे नाहीत. मागचं मला माहीत आहे, म्हणायचे. तरीही सुट्टीभर बसायचे.

आठवड्याच्या शेवटी दोन गोष्टी झाल्या. एक, मी साहेबांच्या मेहुण्यांनी दिलेलं माहितीपुस्तक वाचलं आणि मला आणि कुंदाला कळलं की माऊस नसला तरी चालतं, टॅबचं बटण दाबत गेलं की एका पत्त्यावरून दुसऱ्यावर जाता येतं. दुसरी गोष्ट, तोवर काकांनीच डबी उघडून आत अडकलेला तांदळाचा दाणा काढला. आपल्या हातून झालं म्हणून त्यांना फार लागलं होतं. तेव्हापासून दर शनिवारी ते गोळी साबणाने धुवायचे आणि चहाच्या खोलीच्या खिडकीत उन्हाला ठेवायचे. वाळली की पुसून परत डबीत.

०००

मार्गशीर्षात मामांनी नाशिकचं स्थळ आणलं. मंडळी दहिवलीला येऊन बघून गेली, आणि पुढच्या रविवारी होकार घेऊन येणार असं ठरलं. कुंदाला विचारायचं कोणाला सुचलं नाही. रविवारी मंडळींना साखर दिली की मग मागे फिरणं नव्हतं. बस, नोकरी, ती खोली, सगळं सुटणार. ही बातमी मीच लॅबपर्यंत पोचेल अशी व्यवस्था केली. तरी सोमवार गेला, मंगळवार गेला. म्हात्रे यायचे, पत्ते पिसायचे, जायचे. पत्ते कधी प्रवास सांगत, कधी पाहुणे. मला त्या दिवसांत घास गोड लागत नव्हता. कुंदा मात्र शांत होती, फक्त शाल जरा जास्त घट्ट गुंडाळायची.

शनिवार उजाडला. अर्धा दिवस. साहेब बाहेर गेले होते. म्हात्रे आले, खुर्चीत बसले आणि डबीवर हात ठेवला. बाण हलला नाही. पुन्हा सरकवली. बाण पडद्याच्या मधोमध तसाच.

घरतकाका दारातच कपाळाला हात लावून उभे. गोळी खिडकीत नव्हती. त्यांनी मोरी शोधली, खिडकीखालचं गवत शोधलं. खिडकीवर जांभळाची फांदी यायची, तिच्यावर कावळे बसायचे. "बाय, कावल्यानं नेली गं," ते रडवेले होऊन म्हणाले, आणि झाडाखाली शोधायला धावले.

म्हात्रे पोकळ डबी हातात धरून बसले होते. शेवटी त्यांनी विचारलं की कीबोर्डवरून नाही का होत?

मी तोंड उघडणार तेवढ्यात कुंदा म्हणाली, "नाही होत." आणि तिने दोन्ही हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले. "आज तोंडीच विचारावं लागेल."

एसी घरघरत होता. मला उठून जायला हवं होतं, पण मी तिथेच बसून राहिले. म्हात्रे डबीचं बटण दाबून बसले होते. गोळी नसली तरी बटण चालत होतं, स्क्रीनवर पत्ते उडत होते. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्यांनी बोट उचललं, पाच पत्ते पालथे पडले, आणि त्यांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"तुम्ही नाशिकला जाऊ नये, असं कोणी म्हटलं तर चालेल?"

"कोणी म्हणजे?"

"मी. उद्या सकाळी येतो मामांकडे. मंडळी यायच्या आत."

कुंदाने हात उचलला आणि एस्केप दाबलं.

०००

त्यांचं लग्न झालं, दहिवलीत घर झालं. म्हात्रे आता बरेच बोलतात. कोणी विचारलं, न विचारलं, तरी सांगतात की आमचं लग्न एका कावळ्याने जमवलं. गावी पितरांना घास ठेवताना म्हणे त्या कावळ्यासाठी वेगळा ठेवतात. घरतकाका होते तोवर दरवर्षी त्यांना घरी बोलावून जेवायला घालायचे, आणि काका दरवर्षी जेवताना म्हणायचे की गोळी सापडायला हवी होती.

मागच्या संक्रांतीला मी कुंदाकडे हळदीकुंकवाला गेले होते. बायका जमायच्या होत्या. म्हात्रे ओटीवर वाल सोलत बसले होते आणि शेजाऱ्याला कावळ्याची गोष्ट सांगत होते. माझ्या ब्लाऊजचा हूक निघाला, म्हणून मी आत जाऊन कुंदाचा शिवणाचा डबा उघडला आणि सुईसाठी बटणांत हात घातला. हाताला काहीतरी जड, गार, गुळगुळीत लागलं. उचलून बघितलं. करड्या रबराची गोळी.

ओटीवर म्हात्रे सांगत होते, कावळा नेमका त्याच दिवशी आला बघा!

कुंदाने माझ्या हातातून गोळी घेतली, बटणांखाली नीट ठेवली आणि डबा माझ्याकडे सरकवला.

"सुई खालच्या कप्प्यात आहे," ती म्हणाली.