बसू काय?

खाली बसायच्या आधी तो उजव्या हाताची दोन बोटं जमिनीला लावायचा आणि विचारायचा, "बसू काय?" मग थांबायचा. मान जराशी वाकडी करून, पलीकडच्या खोलीत कोण बोलतंय ते ऐकावं तसा. कधी लगेच बसायचा. कधी उठून पलीकडं जायचा आणि सांगायचा, "इथं नको म्हणतोय."

लग्नाच्या पंगतीत पण तेच. वाढपी भाताचं तपेलं घेऊन उभा आणि हा अजून विचारतोय. "आबा, हो म्हणाला काय? भात थंड होतोय," असं पोरं ओरडायची. मी पण हसले आहे. तुमच्या गावात असा कोण असेल तर तुम्ही पण हसला असाल.

वाडीत सगळे त्याला आबा म्हणायचे. माझ्या घरवाल्याचा तो लांबचा भाऊ, म्हणून मी भावोजी म्हणायची आणि तो मला वयनी. आमची वाडी रत्नागिरीच्या वर सड्यावर. पुढं गवत आणि कातळ, मागं काजू. आबाची जमीन कारखान्यात गेली, आमची पण थोडी गेली. रंग बनवायचा कारखाना. माझा घरवाला तिथं पिंपं धुवायचा. संध्याकाळी त्याची नखं बघितली की आज आत कुठला रंग झाला ते मला कळायचं. मग त्याला खोकला लागला. एक बारीक, कोरडा खोकला, शेवटाला शिट्टी वाजल्यासारखा. त्यातच गेला. आमच्या विहिरीचं पाणी कोऱ्या चहासारखं झालं. मी खालच्या वाडीतून हंडे वाहिले, पोरं मोठी केली. त्याचं काय सांगायचं, करावंच लागतं.

पुढं कारखाना पण बंद पडला. मालक कुठं गेला कोणाला ठाऊक नाय. भिंत राहिली, गंजलेली टाकी राहिली आणि पिवळी पडलेली जमीन राहिली.

त्या जमिनीला मी आधीपासून भ्यायची. तिन्हीसांजेला सगळ्या सड्यावर रातकिडे ओरडायचे आणि भिंतीच्या आत एक पण नाय. भिंतीपाशी आवाज तुटायचा, कोणी दार लावून घेतल्यासारखा. कुत्री आत जायची नाहीत. थंडीच्या सकाळी अनवाणी पाय टाकला तर खालून गरम लागायचं. आबा बोटं लावून म्हणायचा, "ताप आहे त्याला."

"कोणाला, भावोजी?"

"राखणदाराला. दुसऱ्या कोणाला असणार?"

आत मागच्या कोपऱ्यात आबाच्या वाडवडलांचा राखणदार होता. दिसायला एक काळपट चिरा, गुडघ्याएवढा. जागा सांभाळतो तो. वर्षाला एक नारळ, एक कोंबडा एवढीच त्याची मागणी. कारखाना चालू होता तेव्हा पण आबा गेटवरच्या माणसाला सांगून आत जायचा आणि राखण देऊन यायचा. त्यात त्यानं कधी खंड पडू दिला नाय.

मग सरकारातून पैसे येणार म्हणून कळलं. शाळेत सभा झाली. एक मॅडम आली होती, पोरगीच होती, बोलायला गोड. म्हणाली, सरकार विषारी माती उचलून नेणार, दुसरी चांगली माती टाकणार आणि वर शेड बांधून बचत गटाला देणार. आम्ही बायका आमसुलं आणि फणसपोळी करतो, ती आमच्या ओट्यांवर, मांजरं राखत. आम्हाला शेड हवी होती. पण गावानं एकमतानं हो म्हणायला हवं आणि काम मुदतीत व्हायला हवं, नायतर पैसे परत जाणार.

आबा उठला. "आधी विचारा."

"तुम्हालाच विचारतोय ना, आजोबा."

"मला नाय. त्याला. तो चिरा ठेवणार काय?"

मॅडमनं कागद बघितला. म्हणाली, त्याच कोपऱ्यात सगळ्यात जास्त विष आहे, तिथली माती खोलवर काढावी लागेल. चिरा पण जाईल.

आबा बसला. सभेत हो म्हणाला नाय.  आठवडाभर गटातल्या बायका त्याच्या दारावरून जाताना मोठ्यानं बोलायच्या. "राखणदार आमसुलं वाळवायला येणार आहे काय?" एक जण म्हणाली, "पैसे परत गेले ना आबा, तर तुमच्या अंगणातच कोकमं घालणार सगळ्या जणी." तो ऐकून घ्यायचा. रोज भिंतीच्या आत जायचा, बोटं लावायचा आणि परत यायचा. मला म्हणाला, "वयनी, तो बोलतच नाय. त्याला बोलवत नाय एवढा आजारी आहे."

दुसऱ्या सभेत त्यानं मॅडमला एकच विचारलं. "नेऊन काय करणार त्याचं?"

"मातीचं? तिच्यावर उपचार करणार, आजोबा."

मी शेजारी बसले होते. त्याचं तोंड असं उजळलं की मला बघवलं नाय. "उपचार?" म्हणाला. "मग असं आधी सांगायचं ना, बाय. आजारी माणसाला न्यायला नको कोण म्हणेल?" आणि त्यानं हात वर केला. टाळ्या पडल्या.

माती उचलायच्या आदल्या संध्याकाळी त्यानं गाऱ्हाणं घातलं. आम्ही सगळी चिऱ्यासमोर उभी होतो. मॅडम पण चपला काढून उभी राहिली.

"बा म्हाराजा, तू आजारी आहेस हे आम्हाला ठाऊक आहे."

"होय म्हाराजा," आम्ही म्हटलं.

"आमच्याच्यानं तुझं औषध झालं नाय. सरकार तुला उपचाराला नेतंय. तर मातीबरोबर गुमान जा. बरा हो आणि तुझ्या जागेवर परत ये."

"होय म्हाराजा."

मग तो मान वाकडी करून थांबला.  आणि खालून खोकला आला. बारीक, कोरडा, शेवटाला शिट्टी वाजल्यासारखा. मी हातातलं ताट खाली ठेवलं. मॅडम म्हणाली, जुने पाइप आहेत खाली, त्यात हवा असते. असेल. पण तो खोकला मी दोन वर्षं उशाशी ऐकला होता.

डंपर सुरू झाले. ताडपत्री बांधून माती जायची, लांब कुठं तरी, घाट ओलांडून एक दिवसाच्या वाटेवर. डंपरवाला परत आला की आबा रस्त्यात उभा. "पोचला ना नीट?"

"पोचला, आबा."

"त्रास नाय ना दिला?"

"झोपून होता," डंपरवाला हसून म्हणायचा. चांगला माणूस होता. थट्टा करायचा पण मन राखायचा.

शेवटच्या खेपेनंतर आबानं विचारलं, "आता परत कधी आणणार?"

डंपरवाल्याला वाटलं, हा पण थट्टाच करतोय. म्हणाला, "परत कसली, आबा? तिथं मोठा खड्डा आहे. खाली जाड प्लास्टिक, मध्ये माती, वर परत प्लास्टिक. वरून बंद. गाडली ती कायमची."

आबा मॅडमकडं गेला. मी बरोबर होते. तिनं खोटं सांगितलं नाय. म्हणाली, मातीत चुना-सिमेंट कालवतात म्हणजे विष बाहेर येत नाय, त्याला उपचार म्हणतात. मग ती पुरून टाकतात. "ती परत आणता येत नाही, आजोबा."

आबानं स्वतःच्या बोटांकडं बघितलं. मग म्हणाला, "मी त्याला हातानं जिवंत गाडायला पाठवला."

त्या रात्री त्याच्या घरात चूल पेटली नाय. सकाळी माझ्या दारात नारळ मागायला आला.

"कुठं निघालात, भावोजी?"

"आणायला."

"आणि कसा आणणार?"

"पाठवला कसा? सांगूनच ना? तसाच."

डंपरवाल्यानं त्याला खड्ड्याच्या कुंपणापर्यंत सोडला. तिथं काय झालं ते कोणी बघितलं नाय. परत आला तो एसटीनं. आमच्या वाडीतली एक सून त्याच गाडीत होती, तिनं सांगितलं. आबानं दोन तिकिटं मागितली. कंडक्टर म्हणाला, दुसरा कोण? आबा म्हणाला, "खिडकीला बसलाय." सीट रिकामी. कंडक्टर पण खट. म्हणाला, त्याचं अर्धं तिकीट हवं असेल तर कार्ड दाखवा. आबा म्हणाला, "पूर्ण फाडा. माझ्या पणज्याहून मोठा आहे तो, कार्ड कुठलं?" लोक हसले. ती सून म्हणाली, मी पण हसले, पण गर्दी वाढली तरी त्या सीटवर कोण बसेना. एक बाप्या बसायला गेला आणि मध्येच सरळ झाला, कोणाच्या तरी मांडीवर बसत होतो अशासारखा.

तिन्हीसांजेला माझ्या अंगणात आला. एक हात पुढं धरलेला, म्हाताऱ्या माणसाला धरून आणतात तसा. सावकाश चालत होता, आपल्या पावलानं नाय, दुसऱ्याच्या पावलानं. म्हणाला, "वयनी, पाट टाका. दोन."

मी टाकले.  एका पाटावर तो बसला, आणि त्या दिवशी त्यानं बोटं लावली नाहीत, बसू काय म्हणाला नाय. मी पाणी दिलं.  कुत्रं आलं, दुसऱ्या पाटाला वळसा घालून पलीकडं जाऊन झोपलं.

तो गेल्यावर मी पाट उचलले. त्याचा गरम होता. दुसरा पण गरम होता. त्या पिवळ्या जमिनीला असायची तशी तापाची ऊब नव्हती ती. माणूस नुकता उठून गेला की लागते तशी होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही भिंतीच्या आत नुकत्याच टाकलेल्या नव्या मातीवर उभी राहिलो. आबा म्हणाला, "ही परकी माती आहे. हिला आमची ओळख नाय. हिला विचारू." बोटं लावून म्हणाला, "बाय, ह्याला तुझ्यात जागा देशील काय?" आम्ही होय म्हाराजा म्हटलं. मान वाकडी करून तो इतका वेळ थांबला की सूर्य खाली गेला. हो म्हणाली की नाय, ते त्यानं आम्हाला सांगितलं नाय. त्याच महिन्यात त्याला खोकला लागला. कोणता ते मी सांगायला नको. शेडचं पत्र्याचं छप्पर चढायच्या आत तो गेला.

शेड आता चालू आहे. आमसुलं वाळतात, मॅडम फोटो काढून नेते. मी सकाळी सगळ्यांच्या आधी जाते. मागच्या कोपऱ्यात मी दोन पाट टाकून ठेवलेत. नव्या पोरी विचारतात, आजी, हे कोणाचे? मी म्हणते, असू देत.

झाडायला म्हणून रोज उचलते. इतके महिने एकच गरम लागायचा, आबाचा. परवापासून दोन्ही लागतात.