साठ वॅटचा आरोपी

आमच्या आईच्या साठ वॅटच्या बल्बवर आठशे वॅट खाल्ल्याचा आरोप मी ठेवला होता, आणि तोही पुराव्यानिशी.

मी इतिहासाचा निवृत्त प्राध्यापक. विजेशी माझा संबंध बटण दाबण्यापुरता. पण निवृत्तीनंतर माणसाला कशात तरी तज्ज्ञ व्हावंसं वाटतं (घरच्यांचा विरोध असला तर जास्तच!), म्हणून मी वीज मोजायचा एक मल्टीमीटर विकत घेतला. विज्ञान शिकवणारी बायको घरातच होती; पण तिला विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं आणि शोध लावायचा राहून गेला असता.

त्या थंडीत ती भाचीच्या बाळाच्या बारशाला सांगलीला गेली आणि मी कोरेगावजवळ गावी, आईकडे. आईची लाडकी कोंबडी नुकतीच मुंगसानं नेली होती. मागे राहिली चिमुकली पिल्लं. त्यांना आईनं खोक्यात ठेवून वर साठचा बल्ब टांगला होता. येताजाता ती खोक्यात डोकावून त्यांच्याशी बोलायची. माझ्याशी इतकं बोलल्याचं मला आठवत नाही.

सकाळी मी तो बल्ब काढला, गार होऊ दिला (हे हात पोळल्यावर सुचलं!) आणि त्याला मीटर लावला. रोध भरला पासष्ट ओहम. घरात व्होल्टेज दोनशे तीस. ओहमच्या नियमानं व्होल्टेजला रोधानं भागलं. प्रवाह आला साडेतीन अँपिअर. प्रवाहाला पुन्हा व्होल्टेजनं गुणलं आणि मी उभाच राहिलो. आठशेच्या वर वॅट!

"आई, हा बल्ब साठचा नाही, आठशेचा आहे!"

"आसंल. पिल्लास्नी ऊब लागती."

"ऊब? भाजून निघतील ती!"

"आजपातूर न्हाई भाजली ती. तू बलब लाव आदी."

तिच्या निरीक्षणाकडे मी दुर्लक्ष केलं. हातात आकडा आला की माणसाला डोळ्यांची गरज उरत नाही. "आलोच," म्हणालो आणि बल्ब खिशात घालून थेट गावातल्या बापूच्या विजेच्या दुकानात गेलो. बाकड्यावर चारदोन मंडळी होती. जाहीर सभेला तेवढी पुरे!

"बापू, साठ म्हणून आठशेचा बल्ब विकता?"

बापूनं शांतपणे बल्बकडे पाहिलं. "सर, साठ सांगून आठशेचा दिला आसंल, तर वरचं पैसं द्या की!"

बाकडं हसलं. मी चिडून बल्ब काउंटरवर ठेवला, म्हणजे आपटला. आतून बारीक 'टिंग' असा आवाज आला.

"तार तुटली," बापू म्हणाला.

"दुसरा द्या."

"ह्यो शेवटचाच हुता. आता समदं एलईडी. उजेड लय, ऊब न्हाई. कोरेगावला चाललोय, तितनं आणतो."

घरी आलो तर पिल्लं खोक्याच्या कोपऱ्यात एकमेकांवर चढून गप्प झाली होती. चिवचिव नाही. आई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तिची एवढीच राह्यल्यात रं."

मग मात्र मी सांगलीला फोन लावला. पाठीमागून पाळण्याचं गाणं ऐकू येत होतं.

"अहो, विझलेल्या बल्बचा रोध मोजलात?"

"मग पेटलेल्याला हात कसा लावू?"

"तार तापली की तिचा रोध तेरा-चौदा पट होतो. बल्ब चालू असताना प्रवाह मोजायचा असतो. पाव अँपिअरच्या आसपास भरला असता. गुणा आता दोनशे तीसनं."

गुणलं. साठच्या जवळपास. नियम खरा होता, बापू खरा होता, बल्बसुद्धा खरा होता. खोटा फक्त मुहूर्त होता. पण माझाही नाइलाज! मी इतिहासाचा माणूस. विझलेल्या गोष्टी मोजायच्या आणि पेटत्या असताना त्या कशा होत्या ते ठासून सांगायचं, याचाच तर मी आयुष्यभर पगार घेतला.

"ते राहू दे. पिल्लांचं काय करू?"

"अंगाशी धरा. स्वस्थ बसलेला माणूस शंभरेक वॅट उष्णता देतो. नवा बल्ब येईपर्यंत तुम्हीच बल्ब!"

मी भिंतीला टेकून बसलो. आईनं एकेक पिल्लू उचलून माझ्या स्वेटरच्या आत सोडलं. गार, हलकी, थरथरती. जोरात श्वास घ्यायचीही भीती वाटत होती.

"हलू नगंस," आई म्हणाली. "आन् बोलू बी नगंस."

बराच वेळ काही घडलं नाही. मग बेंबीजवळ काहीतरी वळवळलं. बगलेतून बारीक 'चिव' आलं. त्याला पोटावरून उत्तर आलं. पाठोपाठ सगळ्या स्वेटरभर कालवा सुरू झाला. आई तोंडाला पदर लावून दुसरीकडे बघत राहिली.

दुपारी बापू नवा बल्ब घेऊन आला. दारातच थबकला. माझा स्वेटर चार ठिकाणी फुगला होता.

"आवं काकू, लावू का बलब?"

आईनं माझ्या स्वेटरच्या गळ्यातून आत डोकावून पाहिलं. पिल्लं गाढ झोपली होती. मग तिनं एकदा बल्बकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"ऱ्हाऊ दे जरा. ह्यो बरा चाललाय."

निवृत्तीनंतर माझ्या कामाबद्दल मिळालेलं हे पहिलं आणि शेवटचं प्रशस्तिपत्र. तेही पिल्लं स्वेटरात शिरल्यापासून मी तोंड उघडलं नव्हतं म्हणून!