पोर्चचा पुरावा

चर्चच्या कमिटीत सचिव म्हणून एक वर्ष काढा, किस्से आपोआप साठतात. आमच्या बीडच्या छोट्या चर्चचे तर सगळे किस्से एकाच चित्राभोवती फिरतात. एकोणिसाव्या शतकात कुण्या गोऱ्या पाहुण्यानं हे चर्च कागदावर रंगवलं. आता रस्ता रुंद होतोय आणि त्यात चर्चचा पुढचा पोर्च जाणार. पोर्च मागाहून वाढवलाय, म्हणून ते अतिक्रमण, असं इंजिनिअरचं म्हणणं. पण चित्रात पोर्च आहे! म्हणजे आमचा पुरावा तेवढाच. मी सगळ्यांना बजावलं, "चित्राला कुणी हात लावायचा नाही."

बजावायलाच नको होतं.

*

आमचे अध्यक्ष योहानकाका. माणूस प्रेमळ, पण स्वस्थ बसणं ठाऊक नाही. पुराव्याला नवी फ्रेम हवी म्हणून चित्र घेऊन परस्पर चौसाळ्याच्या फ्रेमवाल्याकडे गेले. त्याच्याकडची तयार फ्रेम जरा लहान. त्यानं कागद खालून कापला. नेमकी तिथंच चित्रकाराची सही आणि साल!

मी कपाळावर हात मारला. काका म्हणाले, "सर, तुमी उगंच तापता. नुसतं नाव गेलं. चर्चला ओरखडाबी न्हाई!"

*

पुढं नाताळची रंगरंगोटी निघाली. काकांनी भिंतीच्या पेंटरला सांगितलं, "चित्रातला पोर्च लई फिका पडलाय. इंजिनिअरला नीट दिसला पायजे." त्यानं भिंतीचा उरलेला गुलाबी ऑइलपेंट चित्रातल्या पोर्चवर फासला. एकदम चकाचक!

दुसऱ्याच दिवशी इंजिनिअर आला. त्यानं चित्राला बोट लावलं. बोट गुलाबी!

"हा रंग तर ओला आहे."

"रंग नवा हाय, साहेब. पोर्च जुना हाय!"

मला रडू यायचंच बाकी होतं.

*

तरी मी शेजारच्या रूथमावशींना बोलावलं. म्हटलं, मावशी, पोर्च तुमच्या लहानपणीही होता, एवढंच इंजिनिअरला सांगा. मावशींनी चित्र निरखलं.

"यात आमचं घर कावून न्हाई?"

"तेव्हा नव्हतं, मावशी."

"मग चित्र खोटं हाय!"

इंजिनिअरच्या तोंडावर! तो हसत निघून गेला.

*

शेवटी काकांनी एका पुढाऱ्याला गाठलं. त्यांचा एक फोन गेला, की पोर्च वाचला. साहेब आले, पण चकलांब्याकडच्या दोन श्रद्धांजली सभा उरकून थेट. गाडीत हार होतेच. आत शिरताच भिंतीवर फ्रेम दिसली. साहेबांनी हार घातला, हात जोडले, डोळे मिटले. मागं सगळे कार्यकर्ते माना खाली घालून उभे.

मी काकांना कोपरानं ढोसलं, "अहो, सांगा ना त्यांना!"

"मधीच कसं टोकावं, सर?" काका कुजबुजले आणि स्वतःही मान खाली घालून उभे राहिले.

साहेबांनी डोळे उघडले. आवाज जड झालेला.

"लई मोठं काम होतं यांचं. कधी गेले?"

काकांनी दाराबाहेर पोर्चसमोर उभ्या असलेल्या जेसीबीकडं बघितलं.

"उद्या सकाळी, साहेब!"