बंदरावरच्या तोफेची चोरी

त्या तोफेचा तपास मी अजून विसरलेलो नाही. निवृत्तीनंतर उरणच्या बाजूच्या त्याच बंदरगावात राहतो, त्यामुळे विसरायची सोयही नाही. समोर मुंबईच्या इमारती, भाऊच्या धक्क्याकडे जाणारी लाँच. आणि इकडे कौलारू घरं, दगडी धक्का, सुकत घातलेल्या बोंबलांचा वास. धक्क्यापाशी भरतीच्या रेषेवर तोंड मातीत पुरून उभी केलेली ती तोफ होती. कुठल्या राजवटीची, कुणालाच सांगता येत नसे. होड्यांचे दोर तिलाच बांधत. मासेमारीला निघताना प्रत्येक तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, तिला हात लावून तो कपाळाला लावी.

मी तिथल्या ठाण्याचा प्रभारी असताना ही तोफ नाहीशी झाली. आम्ही सगळे दोन दिवस यात्रेच्या बंदोबस्तावर होतो. परत आलो तर जागेवर खड्डा, आणि टेबलावर बंदर खात्याची तक्रार. वरिष्ठांचे फोनवर फोन. एवढं धूड हलवायला क्रेन किंवा मोठी गाडी लागणार, हे माझं शहाणपण. त्यातच खबऱ्याने सांगितलं, "साहेब, भंगारवाल्याचा टेम्पो दुपारभर धक्क्यावर उभा होता." झालं! माझ्या लेखी गुन्हा उघडकीस आला होता.

हा भंगारवाला पन्नाशीचा, कमी बोलणारा, वीस वर्षांपूर्वी बाहेरून येऊन इथे स्थायिक झालेला. दुकानाची झडती घेतली; मिळाले पत्रे, सायकली आणि मोडके पंखे. टेम्पो बंद पडला होता, एवढंच तो सांगे. "धक्क्यावर काय पाहिलंस?" विचारलं की मान खाली. मान खाली म्हणजे अपराधी, असं मी नोकरीभर मानत आलो होतो. दोन दिवस त्याला ठाण्यात बसवून ठेवलं. अटक दाखवली नव्हती, आणि ते चूकच होतं. दुसऱ्या दिवशी त्याची बायको ठाण्यात आली. म्हणाली, "साहेब, उद्या संध्याकाळी मुलीला बघायला पाहुणे येणार आहेत. बाप कुठे आहे विचारलं तर काय सांगू?" मी तिला चौकशी चालू आहे असं ठरलेलं उत्तर दिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर चहा घेत उभा होतो. होड्या निघत होत्या. एका तांडेलाने हात जोडले. खड्ड्याकडे त्याची पाठ होती, तोंड खाडीकडे. दुसऱ्यानेही तसंच केलं. तिसऱ्यानेही. सगळ्यांचा नमस्कार एकाच जागी, तिवरांपलीकडच्या चिखलाकडे चालला होता. माझा चहा तसाच राहिला.

ओहोटीला शिपाई घेऊन तिथे गेलो. चिखलात तोफ आडवी, वर जुनं जाळं पांघरलेलं. पंचनामा चालू असतानाच गावातला सर्वांत म्हातारा तांडेल चिखल तुडवत आला.

"चोरली नाय साहेब, ठेवली हाय. नवा धक्का बांधनार, तिला शेरात नेऊन काचंत ठेवनार, असं आयकलं. मंग आमी जाताना हात कोनाला लावायचा?"

"क्रेन कुठून आणलीत?"

तो हसला. ओहोटीला भोवती खणून त्यांनी ती दोन होड्यांच्या मध्ये बांधली. पुनवेचं उधाण आलं, होड्या वर आल्या, सोबत तोफही. भर दुपारी, सगळ्या गावादेखत! मलाही हसू आलं, आणि लगेच रागही आला.

"आणि त्या माणसाला अडकू दिलंत?"

"वाटलं, तो भायेरचा हाय. सुटंल दोन दिसांनी."

ठाण्यात येऊन भंगारवाल्याला विचारलं, "तू यांना पाहिलं होतंस?"

"हो साहेब."

"मग बोलला का नाहीस?"

"वीस वर्षं इथे राहतोय. आपल्या माणसांची नावं पोलिसांत कशी सांगायची?"

हे उत्तर मी त्या म्हाताऱ्याला जसंच्या तसं ऐकवलं.

पुढे तोफ जागेवर उभी राहिली, तक्रार गैरसमजातून झाल्याचा अहवाल मी वर पाठवला. नवा धक्का थोडा बाजूला सरकला. आता त्या होड्या कमी झाल्या, तांडेलही गेला. सकाळी फिरायला गेलो की मीही तोफेला हात लावतो. ती माणसं फार आठवतात.

माणूस गप्प का आहे, हे शोधणंही तपासच असतो, एवढं मी त्या प्रकरणात शिकलो. पण खरा धडा तोफ सापडली त्याच संध्याकाळी, भंगारवाल्याला घरी सोडायला गेलो तेव्हा मिळाला. पाहुणे बसले होते, आणि म्हातारा तांडेल दारात उभा राहून सगळ्यांसमोर म्हणाला, "तोफ मी नेली. ह्याचं नाव मी घालवलं." भंगारवाल्याची माफी मीही मागितली, पण ठाण्यात, दार लोटून घेऊन.