मिठाईच्या खोक्याचा निकाल

साळवे सर गेल्याचा फोन आला तेव्हा प्रयोगशाळेत मिठाईच्या खोक्याचा लगदा फिरत होता. मशीन मध्येच थांबवलं की नमुना वाया जातो, म्हणून थांबवलं नाही. लगदा चाळला, त्याचा कागद केला, दाबून वाळवला आणि मगच रिक्षाने कात्रजला त्यांच्या घरी गेले. "उशीर झाला?" त्यांच्या पत्नी सुनंदाताईंनी विचारलं. "लगदा फिरत होता," मी म्हटलं. त्या घरात एवढं उत्तर पुरतं.

धायरीतल्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेचं काम एकच... खोकी, पुठ्ठे, कागदी पिशव्या यांचा वापरानंतर पुन्हा कागद होतो का, हे तपासायचं. वाळलेल्या कागदावर गोंदाचे, प्लॅस्टिकचे ठिपके फार राहिलेत का, हे शेवटी डोळ्यांनीच ठरतं. म्हणून सरांचा नियम होता: दोघांनी एकमेकांकडे पाठ करून बसायचं, कागद आळीपाळीने बघायचा, आपापला निकाल चिठ्ठीवर लिहायचा. जुळला नाही तर पुन्हा पहिल्यापासून. ते कडक, मी सैल. "तुम्ही पेपर तपासायला बसलात तर अख्खं पुणं पास होईल," म्हणायचे. याच खोक्याचे कारखानदार पूर्वी एकदा कुरकुरले होते, "अहो साहेब, शेवटी कागदच आहे ना?"

"कागदच आहे. पण तुम्ही त्याला रेनकोट घातलाय."

तो चकचकीत प्लॅस्टिकचा थर काढून कारखानदारांनी पाठवलेलं नवं खोकं त्या दिवशी मशीनमध्ये होतं. त्यावर त्यांची दिवाळीची ऑर्डर अडलेली. सरांचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि फोन सुरू झाले. "बाई, तुमची एकटीची सही चालेल आम्हाला."

त्यांना चालेल. मी कागद घेऊन खिडकीशी गेले, टेबलाशी आले, परत खिडकीशी. ठिपके होते, पण बारीक. चहा केला, तो तसाच राहिला. धुतलेली भांडी पुन्हा धुतली... माझ्या मते खोकं पास होतं, आणि माझं मत खोडणारं आता कोणी नव्हतं.

शेवटी माझ्या खुर्चीत बसून चिठ्ठीवर 'पास' लिहिलं. मग उठून सरांच्या खुर्चीत बसले आणि तोच कागद धरला. तिथे उजेड तिरका येतो. ठिपके उठून दिसतात. इतकी वर्षं कडक सर होते की ती जागा, हे आता विचारायचं कोणाला... दुसऱ्या चिठ्ठीवर 'नापास' लिहिलं.

खोक्याचे नवे तुकडे मशीनमध्ये टाकले आणि कारखानदारांना फोन केला. "थांबावं लागेल. निकाल जुळला नाही."

"अहो, पण आता कोणाशी जुळायचाय?"

मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही, असं सांगून मी फोन ठेवला.